बिनभोकाच्या कडाकण्या

कडाकणी एकदा तळली की तिला भोक पाडता येत नाही. माझ्या चुलत्यांना, चुलतीला आणि मला हे गेल्या नवरात्रात अष्टमीच्या सकाळी कळलं. त्यातली चुलती आयुष्यभर कडाकण्या खात आलेली, चुलते आयुष्यभर भाषणं करत आलेले आणि मी आयुष्यभर पुस्तकं वाचत आलेला.

कडाकणी म्हणजे काय हे आमच्या कोल्हापुरात सांगावं लागत नाही, पण बाहेरच्यांसाठी सांगतो. रवा आणि मैदा, त्यात तुपाचं मोहन, गुळाच्या पाण्यात घट्ट मळायचं, वरवंट्यानं कुटायचं, पापडासारखं पातळ लाटायचं आणि मंद आचेवर तळायचं. नवरात्रात घट बसतो, त्याच्यावर लाकडी चौकट टांगतात आणि अष्टमीला त्या चौकटीला या कडाकण्या दोऱ्यात ओवून बांधतात. तो फुलोरा. नुसत्या गोल कडाकण्या नसतात. वेणी, फणी, करंडा, जोडवी, पाळणा असेही आकार करतात. थोडक्यात, बाईनं नवरा असताना जे जे मिरवायचं, ते सगळं गुळाच्या पाण्यात मळून देवीच्या डोक्यावर टांगायचं. दसऱ्याला उतरवायचं आणि वाटून खायचं.

ओवायचं म्हणजे भोक हवं. ते कच्च्या कडाकणीलाच पाडावं लागतं. आई ते विझलेल्या उदबत्तीच्या काडीनं पाडायची आणि काडी गोल फिरवून हरभऱ्याएवढं मोठं करायची. तळताना पीठ फुगतं आणि भोक बुजत येतं. हरभऱ्याएवढं पाडलं तर दोरा जाण्यापुरतं उरतं. पस्तीस-चाळीस वर्षं आमच्या घरचा फुलोरा तिनंच केला. घट आमच्याकडे बसतो, कारण माझे वडील थोरले. चुलते गल्लीतच, चार घरं पलीकडे राहतात. सणाला आमच्याकडे येतात, जेवतात, नावं ठेवतात आणि जातात.

वडील गेले त्या वर्षी घट बसला नाही. गेल्या वर्षी बसला. फुलोरा आता कोण बांधणार हा प्रश्न तिथून सुरू झाला, पण तो कुणी प्रश्न म्हणून विचारलाच नाही. चुलतीनं परस्पर उत्तर देऊन टाकलं.

त्याआधी तिसऱ्या माळेचा प्रसंग सांगायला हवा.

चुलते गल्लीतल्या मंडळाचे अध्यक्ष. मंडळानं तिसऱ्या माळेला एक सोहळा ठेवला. ज्यांचे नवरे वारले आहेत अशा नऊ बायकांचा सन्मान. जुन्या रूढींना मूठमाती, नारीशक्तीला वंदन वगैरे. गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लागला. वर चुलते हात जोडून, त्यांच्या दोन्ही बाजूंना मंडळाचे पदाधिकारी हात जोडून, आणि खाली पासपोर्टएवढ्या चौकोनांत नऊ बायका. पहिल्या चौकोनात माझी आई. तिचा फोटो रेशनकार्डासाठी काढलेला होता. त्यात ती कुणावर तरी चिडलेली दिसते.

मी गेलो. आग्रहानं पहिल्या रांगेत बसलो. मी कॉलेजात शिकवतो आणि माझ्या कपाटात या विषयावर दीड फळी पुस्तकं आहेत, त्यामुळे असल्या ठिकाणी मला पहिली रांग मिळते. चुलते माईकवर म्हणाले, "बदल घरापासून झाला पायजे. म्हणून आम्ही सुरुवात आमच्या वैनींपासून केली!" टाळ्या पडल्या. मग चुलतीनं स्टेजवर आईला कुंकू लावलं आणि ओटी भरली. खण, नारळ, तांदूळ. फोटोवाला खालून ओरडला, "काकी, परत एकदा लावा! आजीनं डोळं मिटलं हुतं." चुलतीनं परत लावलं. तिसऱ्यांदा चुलते मधे आले म्हणून लावलं. आई घरी निघाली तेव्हा तिच्या कपाळावर तीन वेळचं कुंकू होतं.

दारात आई पायांवर पाणी घेत असताना चुलती मागून म्हणाली, "आक्का, तोंड पण धुऊन घ्या. मग घटाकडं जावा."

अगदी साध्या आवाजात म्हणाली. आईनं तोंड धुतलं. मी तिथंच चप्पल काढत होतो. माझं चप्पल काढणं त्या दिवशी फार वेळ चाललं.

सातव्या माळेला कडाकण्या करायच्या होत्या. चुलती सकाळीच आली, पदर खोचला आणि सगळ्यांना कामं वाटून दिली.

"सुनबाई, पीठ तू मळ. लाटायला मी आणि तू. आक्का तळतील. उद्या फुलोरा मी बांधीन. नायतर तू बांध, पण सवाष्णीचा हात पायजे. देवीचं काम हाय."

माझी बायको जयसिंगपूरची. तिच्या माहेरी घटावर फुलोरा बांधायची पद्धत नाही. कडाकणी तिनं आमच्याकडेच पहिल्यांदा पाहिली, आणि आईनं तिला कधी हात लावू दिला नव्हता. "तुझी बोटं खडूची हाईत, पिठाची न्हाईत," असं आई म्हणायची. बायको शाळेत शिकवते. तिनं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग चुलतीकडे वळली.

"काकी, पण आईंनाच सगळं येतं. त्यांच्या हातचं..."

"त्यांच्या हातचंच हाय की! तळणार त्याच न्हवं? अग्नीला इटाळ नसतोय."

हे वाक्य मी नंतर बराच काळ मनात घोळवलं. वीस माणसांचं तळण, दुपारचं ऊन, चार तास चुलीसमोर बसणं. जिथं काम सगळ्यांत वाईट तिथं शास्त्र सगळ्यांत उदार. लाटायला पंख्याखाली बसायचं असतं, तिथं विधवा चालत नाही. फुलोरा बांधताना सगळे कौतुकानं बघत असतात, तिथं तर अजिबात नाही. पण कढईपुढं चालते. त्या शास्त्राचा कर्ता कोण होता माहीत नाही, पण त्याला तळणीचा घाम माहीत होता एवढं नक्की.

हे मला तेव्हाच सुचलं होतं. मी ते बोललो नाही. मला कॉलेजला जायचं होतं. खरं तर पहिला तास अकराचा होता आणि तेव्हा नऊ वाजले होते.

आईनं लुगड्याचा काठ वर घेतला आणि मागच्या पडवीत कढईसमोर पाट टाकून बसली. स्वयंपाकघरातून ताट भरून लाटलेल्या कडाकण्या यायच्या, ती तळायची, डब्यात उभ्या रचायची. गुळाचं पाणी जास्त झालं की कडाकणी काळी पडते, कमी झालं की दुसऱ्या दिवशी चामड्यासारखी होते. चुलतीला यातलं काही ठाऊक नव्हतं. पीठ बायकोनं आईला हळूच विचारून मळलं होतं. मी संध्याकाळी आलो तेव्हा दोन डबे गच्च भरले होते. रंग असा, की नव्या दोरखंडासारखा. वेणी, फणी, पाळणा, सगळं जागच्या जागी.

"बघा," चुलती मला म्हणाली, "लाटायच्या, तळायच्या. त्यात काय रॉकेट सोडायचंय? उगंच आपलं, आक्कांशिवाय जमत न्हाय म्हणं."

आई पडवीत कढईतलं तेल गाळत होती. तिनं मान वर केली नाही.

अष्टमीच्या सकाळी साडेआठला चुलती नवं लुगडं नेसून आली. बारा वाजता मंडळाची माणसं आमच्या घटाच्या दर्शनाला यायची होती, सोबत तो फोटोवाला. चुलत्यांनीच बोलावलं होतं. घटासमोर पाट मांडला. पांढऱ्या दोऱ्याला हळद लावून झाली. चुलतीनं डबा उघडला, वरची कडाकणी उचलली, दोऱ्याचं टोक पाण्यात बुडवून ओलं केलं आणि थांबली.

कडाकणी उलटी केली. दुसरी काढली. तिसरी काढली.

"सुनबाई, भोकं?"

"कसली भोकं?" बायको म्हणाली.

मी दारात चहा पीत होतो. त्या एका क्षणाबद्दल मला आजही आनंद वाटतो. तो लपवायचं कारण दिसत नाही.

चुलतीनं दाभण मागवलं. दाभण टोचलं की कडाकणीचे चार तुकडे. मग सुई गॅसवर तापवून पाहिली, तीन तुकडे. पाळण्याची दोरी तुटली, करंड्याचं झाकण उडालं. खुसखुशीत झालेल्या असल्यानं त्या इमानदारीनं फुटत होत्या. वाईट झाल्या असत्या तर कदाचित एखादी टिकली असती.

चुलते आले. त्यांना परिस्थिती सांगण्यात आली. त्यांनी ती मंडळाच्या बैठकीतला विषय असावा तशी ऐकून घेतली.

"मग दुकानातनं आणूया की. बचत गटाच्या बायका करत्यात. झकास असत्यात, भोकासकट."

"इकतचा फुलोरा?" चुलती उसळली. "या घरात कवा झालाय इकतचा? देवी काय म्हणंल?"

आता दोन नियम एकमेकांच्या पायात अडकले होते. विकतचं देवीला चालत नाही, आणि जिला करता येतं ती देवीला चालत नाही. दोन्ही नियम चुलतीचेच होते. ती पाटावर बसून तुकड्यांकडे बघत राहिली. बायको हळूच म्हणाली, "काकी, मला खरंच माहीत नव्हतं." चुलती तिच्यावर ओरडणार होती, पण भोकं पाडायला ती स्वतःही विसरली होती, आणि लाटताना अर्ध्याहून जास्त तिनंच लाटल्या होत्या.

तेव्हा आई स्वयंपाकघराच्या दारात आली. पदराला हात पुसत.

"मैदा हाय. गूळ हाय. तासा-दीड तासात आकरा कडाकण्या हुत्यात. फुलोऱ्याला तेवढ्या बास."

"देवासारख्या धावलासा आक्का," चुलती म्हणाली. "तुम्ही मळून द्या, मी लाटते—"

"न्हाय. मळणार मी. लाटणार मी, भोकं पाडणार मी. आणि बांधणार पण मीच."

चुलतीनं हातातला दोरा खाली ठेवला. शेजारच्या घरातल्या टीव्हीवर आरती लागली होती.

"आक्का, आसं कसं..."

"मग ऱ्हाऊ दे. दुकान उघडलं असंल."

चुलत्यांनी घड्याळ पाहिलं. भाषणाला उशीर होत असला की ते ज्या चेहऱ्यानं पाहतात त्याच चेहऱ्यानं. मग म्हणाले, "आडचण आलीया तर या वर्षापुरतं करूया. काय हरकत न्हाय. फकस्त बांधताना दार तेवढं पुढं करा, वैनी. लोकं येत्यात-जात्यात."

"दार कशाला? तवा मांडवात सगळ्या गल्लीम्होरं ओटी भरलासा की."

चुलत्यांनी परत घड्याळ पाहिलं.

आईनं दार उघडंच ठेवलं. सव्वा अकराला ती घटासमोर स्टुलावर उभी राहिली. बायको खालून एकेक कडाकणी देत होती, आई ओवत होती, गाठ मारत होती. वेणी, फणी, जोडवी. गल्लीतली चारदोन माणसं दारात थांबली, त्यात वेळेआधीच आलेला फोटोवालाही होता. एक म्हातारी म्हणाली, "व्हय गं, तूच बांधतीयास?" आई म्हणाली, "मग कोण बांधणार?" म्हातारीनं नमस्कार केला आणि गेली. देवीनंही काही केलं नाही. घटातलं धान उगवून वीतभर वर आलं होतं, ते तसंच राहिलं.

इथं गोष्ट संपली असती तर मी ती लिहिली नसती. लोकांना सांगून खूश झालो असतो. पण संध्याकाळी मोबाइल उघडला तर मंडळाच्या ग्रुपवर फोटो. आई स्टुलावर, हात वर, फुलोरा बांधताना. आणि खाली, तिच्या पायाशी, हात जोडून चुलते. मजकूर असा: 'रूढी मोडण्याचं धाडस आमच्या घराण्यानं दाखवलं. बदल घरापासून.' त्याखाली हात जोडलेल्या चित्रांची रांग. कॉलेजातल्या माझ्या एका सहकाऱ्यानं मला वेगळा संदेश पाठवून अभिनंदन केलं. तुमच्यासारखी घरं आहेत म्हणून, वगैरे.

मी रागारागानं लांबलचक उत्तर लिहायला घेतलं. त्यात दार पुढं करण्याची गोष्ट होती, तोंड धुण्याची होती, अग्नीला विटाळ नसतो हेही होतं. भाषा चांगली उतरली होती. आईला वाचून दाखवायला पडवीत गेलो. ती बिनभोकाच्या कडाकण्यांचे तुकडे एका डब्यात आणि अख्ख्या दुसऱ्यात असं निवडत बसली होती.

तिनं ऐकून घेतलं. मग मला एकदम वेगळीच शंका आली.

"आई, काल तूच तळत होतीस. तुला भोकं दिसली नाहीत?"

"न्हाईत म्हणून दिसलं की. पहिल्याच घाण्याला."

"मग बोलली का नाहीस?"

"मला तळायला बसवलंतं. बोलायला न्हवतं बसवलं." ती एक तुकडा तोंडात टाकून म्हणाली, "तू तरी कुठं बोललास? दारात उभा हुतास की. तिसऱ्या माळंला पण, आणि काल पण."

मी म्हणालो, मला वाटलं तुलाच नको असेल वाद.

"मला काय पायजे ते इचारलंस कवा?"

मग ती जे बोलली ते मला माहीत होतं. फक्त ते मी कधी पुस्तकासारखं नीट वाचलं नव्हतं. माझी एक आत्या होती. नवरा गेल्यावर आमच्याकडेच राहायला आली, आमच्याकडेच वारली. उदबत्तीच्या काडीची युक्ती तिची. हरभऱ्याएवढं भोक, काडी गोल फिरवायची, हे तिनंच आईला शिकवलं. दरवर्षी ती उंबऱ्याच्या बाहेर पाट घेऊन बसायची, आई लाटलेल्या कडाकण्यांचं ताट बाहेर सरकवायची, आत्या भोकं पाडून आत सरकवायची. अष्टमीला फुलोरा बांधताना ती मागं पडवीत असायची.

"मीच म्हणलंतं तिला," आई म्हणाली. "'वन्सं, तुम्ही बाहिरच बसा.' तुझ्या काकीनं न्हाय, मी. बारा वर्सं. ती बाई एकदा पण काय बोलली न्हाय. आणि तू तिच्याजवळ पाटावर बसून मोडक्या कडाकण्या खात हुतास. कालिजात गेल्यावर पण खात हुतास."

मी खात होतो. चव आठवते. मोडकीला गूळ जास्त लागल्यासारखा वाटायचा.

ते लांबलचक उत्तर मी पुसून टाकलं. शहाणपण आलं म्हणून पुसलं नाही. चुलत्यांवरचा राग तसूभरही कमी झाला नव्हता, आजही नाही. पण त्या मजकुरात मी कुठं उभा आहे हे शोधायला गेलो, तर मी जोडलेल्या हातांच्या रांगेतच सापडलो. फक्त माझे हात खिशात होते.

दसऱ्याला सोनं द्यायला चुलते-चुलती आले. आपट्याची पानं दिली-घेतली. आईनं फुलोऱ्यातली फणी उतरवून चुलतीला दिली. चुलतीनं ती घेतली, कपाळाला लावली, आणि बसता बसता म्हणाली, "सुनबाई, आता आक्कांच्याकडनं सगळं नीट शिकून घे. भोकं-बिकं. पुढल्या वर्षी आसं व्हाया नको. औंदाचं आडचणीचं हुतं."

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. तिनं सातव्या माळेला पाहिलं होतं तसंच.

"ती शिकणार नाही," मी म्हणालो. माझा आवाज मला अपेक्षित होता त्यापेक्षा मोठा आला. "फुलोरा आई बांधणार. पुढच्या वर्षी आणि त्याच्या पुढच्या वर्षी. ज्यांना चालत नसेल त्यांनी आमच्या घटाला येऊ नये. आणि काका, तो फोटो ग्रुपवरनं काढा. त्या दिवशी तुम्ही दार लावायला सांगितलं होतं, धाडस नाही दाखवलं."

चुलते उठले. "पुस्तकं वाचून थोरल्या माणसाला आसं बोलायचं असतंय व्हय?" एवढंच म्हणाले. चहा तसाच राहिला. चुलतीनं मात्र जाताना फणी पदरात घट्ट धरली होती.

आई आतून आली. कपातला चहा तिनं परत पातेल्यात ओतला.

"चा तरी पिऊ द्यायचास," ती म्हणाली. मग जरा थांबून, "एवढं बोलायला तीस वर्सं लावलीस."

मला वाटलं तिच्या डोळ्यांत काही दिसेल. काही दिसलं नाही. तिनं बिनभोकाच्या कडाकण्यांचा डबा माझ्यापुढं सरकवला आणि म्हणाली, "ह्या संपव. डबा लागतोय मला."

फोटो अजून ग्रुपवर आहे. कडाकण्या दिवाळीपर्यंत पुरल्या. कुरकुरीत होत्या शेवटपर्यंत.